गेम चालू केला की अँटीव्हायरस बोंबलतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात, नात्यात आणि मित्रांत "कॉम्प्युटरचं कळणारा" म्हणून माझं नाव झालंय, त्यामुळे सुट्ट्या लागल्या की ठरलेला फोन येतो, "अरे गेम घेतला आणि व्हायरस आला म्हणतंय". तीच तीच उत्तरं देऊन कंटाळलो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. विंडोजवाल्यांसाठी आहे हे, आणि जास्त करून विंडोजसोबतच येणाऱ्या डिफेंडर या अँटीव्हायरसवाल्यांसाठी, कारण आता बहुतेकांकडे तोच असतो.

पैसे देऊन घेतलेला गेम आहे, मग व्हायरस कसा म्हणतो?

कारण अँटीव्हायरसला तुमची पावती दिसत नाही, त्याला फक्त फाइल दिसते. पूर्वी काम सोपं होतं, माहितीतल्या व्हायरसचे ठसे एका यादीत असायचे, फाइल त्या यादीशी जुळली तर पकडायची. आता रोज इतके नवीन व्हायरस येतात की यादी पुरत नाही, म्हणून तो अंदाज बांधतो. फाइल कशी बांधलीये, ती काय काय करते, जगात आधी किती जणांकडे दिसलीये, असं सगळं बघून "ही संशयास्पद वाटते" म्हणतो. दूध पोळलं की ताकही फुंकून पितात, तसलाच प्रकार. आणि गेम स्वभावानेच संशयास्पद असतात! फाइल आतून पॅक केलेली, कोड लपवलेला, चीटिंग पकडायला दुसऱ्या प्रोग्रामच्या मेमरीत डोकावणारं अँटी-चीट, गेम सुरू करून देणारा आणि स्वतःच स्वतःला अपडेट करणारा लाँचर, कीबोर्डवर सतत लक्ष. हीच लक्षणं चोराचीही असतात. मग कधीकधी चोर सोडून संन्याशाला फाशी होते.

फाइल "पॅक" केलेली म्हणजे काय, आणि कशाला करतात?

म्हणजे प्रोग्राम दाबून किंवा गुंडाळून ठेवायचा आणि चालवताना मेमरीत उलगडायचा. यूपीएक्स नावाचं फुकट टूल आहे, १९९८ पासून, साइज कमी करायला वापरतात. थेमिडा आणि व्हीएमप्रोटेक्ट ही पैसे देऊन घ्यायची टूल्स, ती कोड कुणी उघडून बघू नये म्हणून. मोठ्या गेममध्ये डेनुव्हो असतं, ते ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गचं, क्रॅक करणाऱ्यांना, म्हणजे कुलूप तोडून गेम फुकट वाटणाऱ्यांना, थोपवायला. आता व्हायरस लिहिणाऱ्यालाही नेमकं हेच हवं असतं, आतलं कुणाला दिसू नये. त्यामुळे अँटीव्हायरस गुंडाळलेली फाइल बघितली की आधी भुवया उंचावतो आणि मग विचार करतो.

नाव काहीतरी "वाकाटॅक" वगैरे आलंय, घाबरायचं का?

नाव नीट वाचा, निम्मं उत्तर तिथेच असतं. डिफेंडरच्या नावाच्या शेवटी उद्गारचिन्ह आणि "एमएल" असेल, जसं ट्रोजन:विन३२/वाकाटॅक.बी!एमएल, तर त्याचा अर्थ मशीन लर्निंगच्या मॉडेलने अंदाज केलाय. दुसऱ्या कंपन्यांच्या नावात "जेन", "जेनेरिक", "ह्युर", "सस्पिशियस" असले तुकडे दिसले तरी तेच, सरसकट अंदाज. "पीयूए" म्हणजे नको असलेलं अ‍ॅप, इन्स्टॉलरसोबत येणारे टूलबार वगैरे. "हॅकटूल" किंवा "रिस्कवेअर" म्हणजे हत्यार आहे पण चोर असेलच असं नाही, गेममध्ये फसवेगिरी करून देणारे ट्रेनर आणि चीट इंजिन यात हमखास अडकतात.

उलट एखाद्या ठराविक चोराचं नाव आलं, म्हणजे विडार, लुम्मा, रेडलाइन असलं पासवर्ड चोरणाऱ्या कुळातलं, आणि तेही दोनतीन कंपन्या तेच नाव सांगतायत, तर तिथे वाद घालत बसू नका.

पण लक्षात घ्या, "!एमएल" आलं म्हणजे खोटा अलार्म असं मी म्हणत नाहीये. खरे व्हायरससुद्धा पहिल्या दिवशी याच नावाने पकडले जातात. म्हणजे अजून ठरलेलं नाही, एवढंच.

मग ठरवायचं कसं?

मी एकच गोष्ट आधी विचारतो, फाइल आली कुठून. स्टीम, जीओजी, एपिक ही गेमची ऑनलाइन दुकानं, किंवा बनवणाऱ्याचं स्वतःचं पान, तर खोट्या अलार्मची शक्यता बरीच. टेलिग्रामच्या ग्रुपमधून, यूट्यूबच्या व्हिडिओखालच्या लिंकवरून, किंवा डिस्कॉर्डवर कुणीतरी "भावा माझा गेम टेस्ट कर ना" म्हणून पाठवलेली, तर अलार्म खरा धरून चाला. हा डिस्कॉर्डवाला प्रकार तर ठरलेला आहे, मित्राचं अकाउंट आधीच चोरलेलं असतं आणि चोर मित्राच्या नावाने बोलत असतो.

दुसरा प्रश्न, अलार्म कधी आला. काल संध्याकाळपर्यंत सगळं व्यवस्थित होतं, गेमची अपडेटही आली नाही, आज सकाळी अचानक लाल पट्टी, म्हणजे बदलला तो अँटीव्हायरस, गेम नाही. अशा वेळी बाकी लोकांनाही तेच होत असतं, गेमचं नाव आणि अलार्मचं नाव एकत्र सर्च करा, दहा मिनिटांत कळतं. गेमच्या अपडेटनंतर लगेच आला असेल तर मात्र दोन्ही शक्यता उघड्या ठेवा, का ते खाली सांगतो.

व्हायरसटोटलवर टाकली, सत्तरपैकी तीन जणांनी लाल दाखवलं. तीन म्हणजे जास्त की कमी?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. व्हायरसटोटल २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालं, २०१२ मध्ये गूगलने घेतलं, सत्तरच्या आसपास अँटीव्हायरसकडून एकदम फाइल तपासून देतं, ६५० एमबीपर्यंतची. लोक त्याला निवडणुकीचा निकाल समजतात, बहुमत कुणाचं वगैरे. तसं नाहीये ते. तीन अनोळखी अँटीव्हायरस इंजिनांनी "जेनेरिक" म्हटलं आणि मोठी सगळी गप्प, फाइल महिनाभर जुनी, तर मी सोडून देतो. पण फाइल आजच बनलीये आणि शून्य लाल, यावर मी अजिबात विसंबत नाही.

याचं उदाहरण देतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये चेक पॉइंटने गॉडलोडर नावाचा प्रकार उघड केला, गोडो हे फुकटचं गेम इंजिन, म्हणजे गेम बनवायचं टूल, वापरून बनवलेला. १७,००० च्या वर कॉम्प्युटर गेले आणि व्हायरसटोटलवरच्या जवळपास कुठल्याच इंजिनाला पत्ता नव्हता. यात गोडोचा काही दोष नाही बरं का, सुरीने भाजीही चिरतात. पण शून्य म्हणजे स्वच्छ नाही हे त्यातून कळतं.

आणि एक, तिथे टाकलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना बघायला मिळते, त्यामुळे गेमच्या फाइलसोबत आधार कार्डाची झिप टाकू नका. हसू नका, बघितलंय मी.

निळी खिडकी येते, "विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी". हा पण व्हायरसच ना?

नाही. ती स्मार्टस्क्रीन, विंडोजचाच पहारा. ती म्हणतेय "मी याला ओळखत नाही", ती "हा चोर आहे" म्हणत नाहीये. सोसायटीचा वॉचमन नवीन माणसाला रजिस्टरमध्ये नाव लिहायला लावतो ना, तसं. ब्राउझरमधून उतरवलेल्या फाइलवर विंडोज इंटरनेटवरून आल्याची खूण ठेवतं, आणि ती फाइल फार कुणी उतरवलेली नसेल, कंपनीची सही नसेल, तर ही खिडकी येते. स्टीम स्वतः फाइल उतरवतं म्हणून तिथे सहसा दिसत नाही, इच.आयओ या साइटवरून छोटे गेम घेतले की दिसतेच दिसते. "मोअर इन्फो" दाबलं की "रन एनीवे" येतं, पण ते दाबायच्या आधी फाइल कुठून आली तो प्रश्न परत विचारायचा.

गेमची एक्सई फाइलच (जिच्याने गेम चालू होतो ती) गायब झाली. परत कशी आणू?

गायब नाही झाली, क्वारंटाइनमध्ये आहे, म्हणजे अँटीव्हायरसने बाजूला कोंडून ठेवलीये. क्रम महत्त्वाचा आहे, लोक उलट करतात आणि मग फाइल परत परत उडते. आधी विंडोज अपडेट आणि डिफेंडरची व्हायरस यादी अपडेट करा, कारण खोटा अलार्म असेल तर बऱ्याचदा नव्या यादीत तो काढलेला असतो. मग विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, तिथे प्रोटेक्शन हिस्टरी, त्या नोंदीवर अ‍ॅक्शन्स आणि रिस्टोर. मग स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, आणि व्हेरिफाय इंटिग्रिटी. स्टीम एकेक फाइल तपासतं आणि हरवलेली किंवा बिघडलेली परत उतरवतं. बऱ्याचदा रिस्टोर न करता नुसतं व्हेरिफाय केलं तरी काम होतं आणि मला तेच जास्त आवडतं, कारण फाइल थेट दुकानातून ताजी येते.

एक्सक्लुजन टाकू का? सगळे तेच सांगतात.

एक्सक्लुजन म्हणजे अँटीव्हायरसला "हे तपासू नको" सांगणं. टाका, पण हात आखडता ठेवून. त्या एका एक्सई फाइलचं टाका, फार तर त्या एका गेमच्या फोल्डरचं. लोक काय करतात, पूर्ण डी ड्राइव्ह टाकतात, किंवा डाउनलोड्सचा फोल्डर! म्हणजे घराला कुलूप लावून मागचं दार सताड उघडं. माझ्या एका मावसभावाने २०१९ मध्ये कुठल्यातरी गेमसाठी डाउनलोड्स फोल्डर वगळला होता, गेम कधीच उडवला पण एक्सक्लुजन तसंच, तीन वर्षांनी मला सापडलं. गेम काढला की एक्सक्लुजनही काढायचं.

आणि अँटीव्हायरस पूर्ण बंद करून गेम इन्स्टॉल करायचा सल्ला कुणी दिला तर त्याचं बाकीचंही ऐकू नका.

क्रॅक केलेल्या गेमसोबत लिहून आलंय की अँटीव्हायरस बंद करा, फॉल्स पॉझिटिव्ह (खोटा अलार्म) आहे. खरंय का?

लांडगा आला रे आला या गोष्टीत शेवटी लांडगा खरंच येतो, नेमकी तीच शेवटची पायरी या लोकांना हवी असते. क्रॅक हा संशयास्पद दिसणारच, कारण तो दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये ढवळाढवळ करतो, त्यामुळे "हे खोटं आहे" हे वाक्य कधी खरंही असतं. पण तुम्हाला आणि मला बाहेरून फरक कळत नाही, आणि अँटीव्हायरस आपल्याच हाताने बंद करून घेतला की चोराला अजून काय पाहिजे. आजकालचे चोर कॉम्प्युटर बंदबिंद पाडत नाहीत, ब्राउझरमधल्या कुकीज (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) गुपचूप उचलतात, म्हणजे पासवर्ड माहीत नसतानाही तुमच्या लॉगिनमध्ये शिरतात. ओटीपी लागत नाही. असं झालं तर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, दुसऱ्या स्वच्छ फोनवरून सगळीकडचं लॉगआउट करावं लागतं. स्टीमचे सेल येतात वर्षातून चारदोन वेळा, जरा धीर धरा.

म्हणजे स्टीमवरून आलं की डोळे मिटून विश्वास ठेवायचा?

दुर्दैवाने नाही, आणि हे गेल्या काही वर्षांत वाढलंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये पायरेटफाय नावाचा फुकट गेम स्टीमवर आला, आत पासवर्ड चोरणारा माल होता, आठवड्याभरात काढला आणि ज्यांनी खेळला त्यांना स्टीमच्या मालक व्हॉल्व्हने कळवलं की पूर्ण स्कॅन करा, वाटलं तर विंडोजच नवीन टाका. ब्लॉकब्लास्टर्स तर आधी साधा सरळ होता, ऑगस्ट २०२५ च्या शेवटी आलेल्या एका पॅचमधून घाण आत शिरली आणि लोकांचं क्रिप्टो गेलं. २५ डिसेंबर २०२३ ला, ऐन नाताळात, स्ले द स्पायरवर बेतलेल्या डाउनफॉल या चांगल्या, नावाजलेल्या मॉडच्या (गेममध्ये चाहत्यांनी केलेली भर) माणसांचं अकाउंट चोरलं आणि स्टीमच्याच अपडेटमधून चोर पाठवला. मॉड बनवणाऱ्यांची काही चूक नाही, तेही फसलेच. जून २०२३ मध्ये माइनक्राफ्टच्या मॉड्समधून फ्रॅक्चरायझर पसरला, कर्सफोर्ज आणि बुकिट या दोन नेहमीच्या ठिकाणांवरून.

म्हणून वर म्हटलं, अपडेटनंतर लगेच अलार्म आला तर दोन्ही शक्यता उघड्या ठेवा. दोन दिवस गेम नाही खेळला तर आभाळ कोसळत नाही. खोटा अलार्म असेल तर तेवढ्यात सहसा सुटतो, खरा असेल तर तेवढ्यात बातमी येते. अनोळखी, फुकट, रिव्ह्यू नसलेला गेम असेल तर मी दोन दिवससुद्धा देत नाही, सरळ उडवतो.

अँटी-चीटच्या फाइलवर अलार्म आला, तो तरी नक्की खोटाच ना?

याचं उत्तर मजेशीर आहे. अँटी-चीट विंडोजच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये, बसतं. रायट या गेम कंपनीचं व्हॅनगार्ड तर कॉम्प्युटर सुरू होतानाच चढतं. एवढ्या आत बसलेल्या तुकड्यात, म्हणजे ड्रायव्हरमध्ये, भोक राहिलं तर ते भोक सगळ्यांसाठी उघडं. सप्टेंबर २०१६ मध्ये स्ट्रीट फायटर ५ च्या अपडेटसोबत एक ड्रायव्हर आला, चीटर रोखायला, आणि त्याच्यातून कुठलाही प्रोग्राम थेट कर्नलमध्ये कोड चालवू शकत होता. ओरड झाली, कॅपकॉमने मागे घेतला. नंतर गेनशिन इम्पॅक्टच्या अँटी-चीटचा ड्रायव्हर, ऑगस्ट २०२२ मध्ये ट्रेंड मायक्रोने सांगितलं की फाइल्स कुलूपबंद करून पैसे मागणारे खंडणीवाले (रॅन्समवेअर) तो ड्रायव्हर स्वतःसोबत घेऊन येतात आणि त्याच्याच जोरावर अँटीव्हायरस मारतात. ज्याच्या कॉम्प्युटरवर तो गेम कधीच नव्हता तोही बळी!

आता सांगा, अशा ड्रायव्हरवर अलार्म वाजला तर तो खोटा की खरा? फाइल कंपनीची, सही खरी, हेतू चांगला, आणि तरी धोकादायक. विंडोज ११ मध्ये २०२२ च्या अपडेटपासून अशा भोकवाल्या ड्रायव्हरांची बंदी यादी आपोआप चालू असते. त्यात तुमच्या जुन्या गेमचा ड्रायव्हर अडकला तर यादी बंद करू नका, गेमची नवीन अपडेट घ्या.

अलार्म नाही काही नाही, पण गेम सेव्हच होत नाही.

कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस चालू आहे का बघा. रॅन्समवेअरपासून डॉक्युमेंट्सचा फोल्डर वाचवायला ही सोय २०१७ मध्ये विंडोज १० मध्ये आली, मुळात बंद असते पण कुणीतरी चालू करून ठेवते. कित्येक गेम सेव्ह फाइल डॉक्युमेंट्समध्येच टाकतात, ती अडते आणि गेम बिचारा काहीच न बोलता प्रगती विसरतो. त्याच पानावर गेमला परवानगी द्यायची सोय आहे.

जुना सीडीवरचा गेम विंडोज १० वर चालत नाही, अँटीव्हायरसनेच अडवला असेल ना?

बहुतेक नाही. २००० च्या दशकातल्या खूप सीड्यांवर सेफडिस्क नावाचं कुलूप होतं, त्याचा ड्रायव्हर विंडोज १० चालवतच नाही, सुरक्षेच्या कारणासाठी. नेटवर त्याचे "उपाय" सांगणाऱ्या फाइल्स मिळतात, त्यांच्यावर मात्र अलार्म वाजतो आणि बऱ्याचदा वाजायलाच हवा. तोच गेम जीओजीवर मिळतो का बघा, कुलूप काढलेला असतो.

एवढ्या मोठ्या कंपन्या, त्यांच्याकडूनही अशा चुका होतात?

गेमचं सोडा, विंडोजलाच व्हायरस समजलेत हे लोक. २१ एप्रिल २०१० ला मॅकफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची एसव्हीसीहोस्ट ही महत्त्वाची फाइल पकडली आणि ऑफिसंच्या ऑफिसं रीस्टार्टच्या चक्रात गेली. सप्टेंबर २०१२ मध्ये सोफॉसने स्वतःचाच अपडेटर व्हायरस म्हणून धरला, यावर काय बोलायचं. ४ सप्टेंबर २०२२ ला, रविवार होता, डिफेंडर क्रोम आणि डिस्कॉर्ड उघडलं की "हाइव्ह.झेडवाय" म्हणून ओरडत होता, नवीन यादी आल्यावर थांबला. ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज आणि जर्मनीतली एव्ही-टेस्ट खोट्या अलार्मचीसुद्धा परीक्षा घेतात, अँटीव्हायरस विकत घेताना लोक फक्त "किती पकडले" बघतात, किती निरपराध पकडले हाही आकडा बघत जा. आपल्या पुण्याचं क्विक हील असो की बाहेरचं काही, हा तराजू सगळ्यांना सारखाच.

खोटा अलार्म आहे हे कळवायचं कुणाला?

ज्याचा अलार्म त्याला. मायक्रोसॉफ्टच्या सिक्युरिटी इंटेलिजन्सच्या पानावर फाइल पाठवायची सोय आहे, बाकी कंपन्यांचीही असते. आणि गेम बनवणाऱ्यालाही सांगा, अलार्मचं पूर्ण नाव आणि गेमचं व्हर्जन लिहून. "तुमच्या गेमात व्हायरस आहे" असा एका ओळीचा रिव्ह्यू टाकून मोकळे होऊ नका. दोन माणसांच्या टीमचा गेम असतो, त्या एका ओळीने विक्री बसते.

मीच गेम बनवलाय, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी, आणि सरांच्या कॉम्प्युटरवर लाल पट्टी आली. काय करू?

पायथनमध्ये बनवून पायइन्स्टॉलरने एकच एक्सई केली असणार, बरोबर? मी स्वतः सोसायटीच्या गणपतीत मुलांसाठी वरून पडणारे मोदक पकडायचा गेम केला होता, ऑफिसच्या हॉलमधल्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्ह लावला आणि मुलं रांगेत उभी असताना डिफेंडरने मोदकासकट सगळं गिळलं. कारण असं, पायइन्स्टॉलरचा सुरुवातीचा तुकडा सगळ्यांना तोच मिळतो, व्हायरसवालेही तोच वापरतात, आणि एकफाइल पद्धतीत प्रोग्राम चालू होताना सगळं टेम्प फोल्डरमध्ये उलगडतं, जे अजूनच चोरासारखं दिसतं. तेव्हा एकफाइलऐवजी फोल्डर पद्धत वापरा, यूपीएक्स बंद ठेवा, जमलं तर बूटलोडर (तोच सुरुवातीचा तुकडा) स्वतः कम्पाइल करा. कोड सायनिंगचं, म्हणजे फाइलवर डिजिटल सही करायचं, सर्टिफिकेट घेतलं तर फरक पडतो, पण त्याला दरवर्षी बरेच पैसे जातात आणि जून २०२३ पासून त्याची चावी हार्डवेअर टोकनवर ठेवावी लागते, कॉलेज प्रोजेक्टसाठी कुणी करत नाही. गोडोमध्ये बनवला असेल तर सगळ्यात सोपं म्हणजे वेब एक्सपोर्ट करून ब्राउझरमध्येच दाखवा, एक्सईच नाही तर अलार्म कुठला. डेमोच्या आदल्या दिवशी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर एकदा चालवून बघा, मी नव्हतं बघितलं.

बाबांनी लाल पट्टी बघितली आणि गेम उडव म्हणाले. त्यांना काय दाखवू?

एक्सईवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स, तिथे कंपनीचं नाव दिसलं तर ते दाखवा. तो टॅबच नसेल तरी लगेच हार मानू नका, छोट्या गेमना सही नसते, मग स्टीमची पावती आणि व्हेरिफाय केल्याचा मेसेज दाखवा. दाखवायला पावतीच नसेल, तर बाबांचं बरोबर आहे.